शंभरावे मेंढरू

२०२५ साली आमच्या धर्मग्रामातील माध्यमिक शाळेला पन्नास वर्षे पूर्ण झाली. रायगडच्या किनाऱ्यावर, खाडीच्या अलीकडे, चर्चच्या आवारात ही शाळा उभी आहे. १९७५ साली अकरावीची मॅट्रिक मागे पडून महाराष्ट्रात दहावीची पहिली परीक्षा झाली. त्याच वर्षी आमच्या शाळेत पाचवीचा पहिला वर्ग भरला. पन्नास वर्षांनी हा सुवर्णमहोत्सव आला तो वैश्विक ख्रिस्तसभेच्या ज्युबिली वर्षात. २४ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये पवित्र द्वार उघडले, २१ एप्रिल २०२५ रोजी ते प्रभुचरणी विलीन झाले आणि त्यांचे उत्तराधिकारी पोप लिओ चौदावे यांनी ६ जानेवारी २०२६ रोजी ते द्वार बंद केले. एकाच वर्षात दोन ज्युबिली आल्याने आमच्या उत्साहाला सीमा राहिली नाही. समिती स्थापन झाली, स्मरणिकेचा संकल्प झाला, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आणि उपकारस्तुतीची मिस्सा यांची डिसेंबरमधील तारीख ठरली. शाळेचे व्यवस्थापक या नात्याने या सर्वांचे सुकाणू आमच्या हाती होते.

त्यातच १३ मे रोजी दहावीचा निकाल लागला. राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता आणि कोकण विभाग ९८.८२ टक्क्यांनी सर्व विभागांत पहिला आला. आमचा जिल्हा कोकणात असला तरी परीक्षा मंडळाच्या हिशेबी तो मुंबई विभागात मोडतो, त्यामुळे त्या गौरवात आमचा वाटा नव्हता. परंतु आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला होता. दुसऱ्याच दिवशी एस. टी. थांब्यावर भव्य फलक झळकला. त्यावर मुलांची छायाचित्रे होती, आणि एका कोपऱ्यात आमचेही होते. येता-जाता तो फलक पाहताना आमच्या मनाला गुदगुल्या होत नव्हत्या, असे म्हटले तर ते असत्यकथन होईल.

स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहिण्याचे काम आम्ही स्वतःकडे घेतले. त्यासाठी जनरल रजिस्टरे हवी होती. ही रजिस्टरे आमच्याकडे शाबूत आहेत, याचीही एक कथा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा शाळेच्या एका बाजूचे पत्रे उडून गेले. आमच्या लिपिकाने आदल्याच रात्री सारी रजिस्टरे ताडपत्रीत गुंडाळून चर्चच्या सामानखोलीत आणून ठेवली होती. भिंती भिजल्या, बाके भिजली, ग्रंथालयातील पुस्तकांचा लगदा झाला. पण १९७५ पासूनचे एकही नाव पुसले गेले नाही. या प्रसंगावर स्मरणिकेत एक स्वतंत्र लेख द्यायचा, असे आम्ही ठरवले होते.

सप्टेंबरच्या २५ तारखेला आम्ही नववीच्या मुलांना घेऊन चिरनेरला गेलो. उरण तालुक्यातील या गावाचे नाव जंगल सत्याग्रहामुळे अजरामर झाले आहे. १९३० साली मिठाचा कायदा मोडण्याची चळवळ देशभर सुरू असताना महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगलाचे कायदेही मोडले गेले. जळणाची लाकडे तोडणे आणि रानात गुरे चारणे ही ज्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती, तो त्या कायद्यांनी गुन्हा ठरवला होता. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर जमलेल्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि आठ गावकरी हुतात्मे झाले. दरवर्षी त्या दिवशी त्यांना बंदुकीच्या फैरींनी मानवंदना दिली जाते. ज्या पोलीस खात्याने एकेकाळी गोळ्या झाडल्या, त्याच खात्याचे जवान आता आदराने आकाशात फैरी झाडतात. आपल्या हातून झालेला अन्याय एखादी संस्था पिढ्यांनंतर का होईना मान्य करू शकते, हे मुलांना दाखवावे, असा आमचा हेतू होता. तो धडा आमच्यासाठीच राखून ठेवलेला आहे, याची त्या वेळी आम्हांला कल्पना नव्हती.

हुतात्म्यांची नावे आम्ही मुलांना मोठ्याने वाचायला सांगितली. धाकू गवत्या फोफेरकर, नवशा महादेव कातकरी, रामा बामा कोळी… एकेक नाव वाचून झाले. परतीच्या वाटेवर गाडीत एका कोळ्याच्या मुलीने आम्हांला विचारले, “फादर, आपल्या वर्गात कोळी आहेत, पाटील आहेत, म्हात्रे आहेत. मग कातकरी का नाही? वाडी तर आपल्या मागेच आहे.”

आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते लोक स्थलांतर करतात, असे सांगितले. ते खोटे नव्हते. पण त्या मुलीचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही.

कातकरी हे नाव काताच्या धंद्यावरून आले आहे. खैराच्या झाडाच्या गाभ्यापासून कात काढणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. जंगलावर कायद्याचा पहारा बसला आणि तो धंदा हातचा गेला. मग ते दुसऱ्यांसाठी कोळसा पाडू लागले, शेतावर राबू लागले, वीटभट्टीवर जाऊ लागले. आजही अनेक वाड्यांतील कुटुंबे पावसाळ्यात घेतलेल्या उचलीची फेड करण्यासाठी दिवाळीनंतर भट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये असतात. जे मूल नोव्हेंबर ते मे गावात नसते, त्याला शाळेने आपल्या वर्षात जागाच ठेवलेली नाही. १९३० साली ज्या कायद्यांविरुद्ध नवशा कातकरी उभा राहिला, त्यांची सावली अशी आमच्या हजेरीपटापर्यंत येऊन पोहोचली आहे.

त्या रात्री आम्ही कार्यालय उघडून रजिस्टरे काढून बसलो. इतिहास लिहिण्यासाठी ती यापूर्वीही चाळली होती. पण तेव्हा आमचे डोळे पहिल्या आलेल्यांची नावे शोधत होते. आता आम्ही शेवटच्या रकान्यांकडे पाहू लागलो. ‘शाळा सोडल्याची तारीख’ आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ हे ते रकाने. वाडीतील जी मुले आठवी-नववीपर्यंत आली होती, त्यांच्यापुढे एकाच हस्ताक्षरात एकच कारण पुन्हा पुन्हा लिहिलेले होते : ‘पालकांच्या विनंतीवरून’. अशी तेवीस नावे निघाली. त्यांतील एका नावापाशी आमचे बोट थांबले. साल २००७, इयत्ता नववी. त्या वेळी आम्ही याच धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो आणि शाळेचा कारभार पाहत होतो.

तो मुलगा आम्हांला चांगला आठवत होता. अंगाने किरकोळ, गणितात कच्चा, पण नकाशा काढण्यात साऱ्या वर्गात त्याचा हात कोणी धरत नसे. दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर भट्टीवर गेला आणि परीक्षेच्या आधी आठवडाभर परतला. तो दहावीत गेला तर नापास होणार, असा शिक्षकांचा अंदाज होता. त्याआधी दोन वर्षे शाळेचा निकाल शंभर टक्के लागला होता आणि ती परंपरा मोडू नये, ही आमचीही इच्छा होती. तेव्हा त्याचा दाखला काढून द्यावा, पुढे वाटल्यास त्याने १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसावे, असे ठरले. ठरले म्हणजे आम्ही ठरवले. बाप बोलावल्यावर मुकाट आला. अर्ज लिपिकाने लिहिला आणि बापाने अंगठा उठवला. ‘पालकांची विनंती’ ती हीच.

हा मार्ग केवळ आमच्या शाळेने शोधला, असे नाही. कच्च्या मुलाला नववीतच थांबवावे, दाखला हाती द्यावा, १७ नंबरचा रस्ता दाखवावा, ही युक्ती शिक्षणक्षेत्रात कोणाला ठाऊक नाही? ज्याला काही कारणाने शाळा सोडावी लागली, त्याला पुन्हा परीक्षेला बसता यावे, म्हणून ती सोय आहे. शाळेने आपले ओझे उतरवण्यासाठी तिचा उपयोग केला, म्हणजे उघडलेले दार बाहेर ढकलण्यासाठी वापरल्यासारखे होते. २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण नववीच्या उंबरठ्यावर ते संरक्षण संपते. २००७ साली तो कायदा नव्हता. असता तरी त्या मुलाला तो वाचवू शकला नसता. त्याला वाचवणे आमच्या हाती होते.

शंभर टक्के म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी शंभर टक्के. जे बसलेच नाहीत, त्यांना कोणत्याही निकालपत्रकात टक्केवारी नसते. त्या रात्री आम्हांला संत लूकच्या शुभवर्तमानातील पंधरावा अध्याय आठवला. त्यावर आम्ही आजवर किती प्रवचने दिली असतील, याची गणती नाही. सेमिनरीत असताना या दाखल्यावर लिहिलेला निबंध आमच्या प्राध्यापकांनी वर्गात वाचूनही दाखवला होता. मेंढपाळाजवळ शंभर मेंढरे होती. त्यातले एक हरवले, तेव्हा तो नव्व्याण्णवांना रानात सोडून त्या एकाच्या मागे गेला. आमच्याकडेही शंभर होती. कळप चांगला दिसावा, म्हणून एकाला आम्ही कुंपणाबाहेर केले, उरलेल्यांना शंभर म्हटले आणि तसा फलक लावला.

ज्युबिलीचा मूळ अर्थ काय, हेही मग नव्याने वाचले. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वराने पन्नासावे वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा दिली आहे. एडक्याचे शिंग फुंकायचे, बंदिवानांना मोकळे करायचे, ज्याची जमीन गेली त्याला ती परत द्यायची, आणि प्रत्येकाने आपल्या कुळाकडे परत यायचे. त्या अध्यायात मंडप नाही, सत्कार नाही, शाल-श्रीफळ नाही. ज्यांना जावे लागले त्यांचे परत येणे, हाच तेथील उत्सव आहे. आमच्या महोत्सवाच्या निमंत्रितांच्या यादीत डॉक्टर होते, अभियंते होते, परदेशी स्थायिक झालेले होते. त्या तेविसांपैकी एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही वाडीवर गेलो. शाळेपासून वाडी वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. या खेपेला धर्मग्रामात आल्यापासून आम्ही ती वाट किती वेळा चाललो, हे सांगायची आम्हांला लाज वाटते. तो घरीच होता. आता तिशी ओलांडलेला, हात विटांच्या मातीने खरबरीत झालेले. त्याने आम्हांला ओळखले आणि बसायला खाट पुढे केली.

आम्ही प्रास्ताविक न करता सांगून टाकले की त्याचा दाखला आम्ही काढायला लावला, विनंती त्याच्या वडिलांची नव्हती.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबाला वाटलं, अंगठा स्कॉलरशिपचा आहे. त्या वर्षी भट्टीवरून येऊन तो पैशांची वाट बघत होता.”

आम्ही काय बोलणार? तोच पुढे म्हणाला, “मी जूनला आलो होतो, फादर. दप्तर घेऊन आलो होतो. शिपाई म्हणाला, तुझं नाव नाही.”

वडील कुठे आहेत, असे आम्ही विचारले. ते पाच वर्षांपूर्वी वारले होते. ज्याची क्षमा आधी मागायला हवी होती, तो माणूस आता आमच्या आवाक्यात नव्हता. मुलाची क्षमा मागितली. कबुलीघरात जाळीपलीकडे बसून आम्ही तीसएक वर्षे इतरांचे अपराध ऐकत आलो आहोत. खाटेवर बसून, समोरच्याच्या तोंडाकडे पाहत आपला अपराध सांगणे किती वेगळे असते, हे त्या संध्याकाळी कळले. त्याने आम्हांला क्षमा केली की नाही, हे आम्ही ठामपणे सांगू शकत नाही. त्याने चहा दिला. निघताना आम्ही त्याला महोत्सवाचे निमंत्रण दिले, तर तो हसून म्हणाला, “डिसेंबरला आम्ही कुठे असतो इथं? दिवाळी झाली की गाडी येते.”

तारीख ठरवताना पाहुण्यांची सवड, परदेशी माजी विद्यार्थ्यांची नाताळची सुटी, मंडपवाल्याची सोय हे सारे आम्ही पाहिले होते. पण जे बाहेर राहिले होते, ते त्या तारखेनेही बाहेरच राहणार होते.

समितीच्या सभेत आम्ही हा सारा प्रकार मांडला. काही सभासद नाराज झाले. जुन्या गोष्टी उकरून शाळेची बदनामी कशाला, असे एकाने विचारले. दुसऱ्याने निकाल खाली गेला तर पालक मुलांना शेजारच्या शाळेत घालतील, असा इशारा दिला. आणि तो इशारा खोटा नाही. आमच्या मुख्याध्यापिकाबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, “फादर, ती नावे रजिस्टरात आहेत. आपण त्यांना विद्यार्थी मानतो की नाही, एवढेच सांगा.” त्यावर चर्चा थांबली. डिसेंबरचा मुख्य सोहळा ठरल्याप्रमाणेच करायचा. परंतु दिवाळीपूर्वी, १२ ऑक्टोबरच्या रविवारी, त्या तेविसांसाठी वेगळा मेळावा घ्यायचा, असे ठरले.

त्या रविवारी सातजण आले. काहींचा पत्ता लागला नाही, दोघे हयात नाहीत, काहींनी येण्याचे नाकारले. त्यांना तो अधिकार होता. जे आले, ते आधी फाटकापाशीच घुटमळले. वर्गात बसल्यावर बाईंनी जनरल रजिस्टर उघडून एकेकाचे नाव पुकारले आणि एकेकजण ‘हजर’ म्हणाला. कार्यक्रम एवढाच होता. भाषण आम्ही केले नाही. नंतर धर्मभगिनींनी केलेले जेवण झाले आणि शाळेच्या पायरीवर सर्वांचे छायाचित्र काढले. ते स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापले आहे. निसर्ग वादळात रजिस्टरे कशी वाचली, त्याची हकीकत त्याच्या खाली आहे.

आमचा तो विद्यार्थी आपल्या मुलीला घेऊन आला होता. वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत ती चौथी झाली होती आणि पाचवीला कुठेच गेली नव्हती. रजिस्टरात बापाचे नाव तिने बोट ठेवून वाचले. मग त्याने विचारले, “हिला घ्याल का?” कायद्याने त्या वयाच्या मुलीला वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही; पण तो कायदा आठवून विचारत नव्हता आणि आम्हीही कायदा आठवून होकार दिला नाही. दिवाळीनंतर ती राहणार कुठे, हा खरा प्रश्न होता. मजुरांच्या मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, परंतु ती दाराशी येईपर्यंत थांबण्याची सवड नव्हती. धर्मभगिनींनी मठातील शिवणवर्गाची जुनी खोली रिकामी करून दिली. दिवाळीनंतर वाडीतील तीन मुली तेथे राहू लागल्या.

हे सारे लिहिताना आम्हांला फुशारकी मारायची नाही. तीन मुली म्हणजे तेवीस नावांची भरपाई नव्हे, आणि त्या मुलीही सुखात आहेत असे नाही. नाताळच्या आधी ती पाचवीतली मुलगी दोन दिवस जेवली नाही. तिला आईकडे भट्टीवर जायचे होते. एका भगिनीने तिला तेथे नेऊन दोन दिवसांनी परत आणले. आईबापांपासून दूर ठेवून मुलाला शिकवावे की त्यांच्यापाशी राहू देऊन अडाणी ठेवावे, अशी निवड ज्याला करावी लागते, त्याच्या घराचे दुःख शाळेच्या चार भिंतींत सुटणार नाही. उचल, भट्टी आणि भूक यांच्याशी झुंजण्याचे काम मोठे आहे. आपल्याला निदान दाखल्याचा कागद तरी पुढे सारायला नको.

यापुढे निकालाचा फलक लावायचा नाही आणि नववीतून कोणाचाही दाखला व्यवस्थापकांनी पालकांच्या घरी जाऊन बोलल्याशिवाय द्यायचा नाही, असे दोन ठराव आम्ही केले आहेत. शाळेचा निकाल आता बहुधा शंभर टक्के लागणार नाही. वाचकहो, येथे आम्हांला आपल्यालाही एक विनंती करायची आहे. एस. टी. थांब्यावरचे ते फलक शाळा लावतात हे खरे. पण ते वाचून मुलांना शाळेत घालणारे आपणच आहोत. शंभरचा आकडा दिसला की नववीत किती होते आणि दहावीला किती बसले, एवढे विचारून पाहावे. आमच्या शाळेतही येऊन विचारावे. आणि ज्या धर्मग्रामांत शाळांचे रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव जवळ आले असतील, तेथील बंधू-धर्मगुरूंनी मंडपाची ऑर्डर देण्यापूर्वी एक संध्याकाळ जनरल रजिस्टराच्या शेवटच्या रकान्यांसाठी राखून ठेवावी.

२ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, मृतांच्या यादीत आम्ही त्या बापाचे नाव वाचले. तो आमच्या धर्माचा नव्हता आणि वेदीवरून त्याचे नाव का वाचले, हे मिस्सेनंतर काहींनी विचारले. त्यांना आम्ही सांगितले की त्याचा एक अंगठा आमच्या कार्यालयात आहे, आणि तो आम्ही त्याला परत देऊ शकलो नाही.